जुन्या कपबश्या आणि पाखरांचे दाणापाणी

कार्यानुभवाच्या तासिकेत विद्यार्थ्यांकडून ज्या वस्तू करवून घेतल्या जातात, त्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. काही वस्तू प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर मांडल्या जातात आणि पाहुण्यांची पाठ फिरताच कपाटावर जाऊन धूळ खात पडतात. दुसऱ्या वर्गातील वस्तूंचे खरे काम त्या तयार झाल्यानंतरच सुरू होते. जुन्या कपबशीपासून पक्ष्यांसाठी करावयाचे दाणापाण्याचे पात्र हे या दुसऱ्या वर्गातले आहे. ते तयार करण्यास दोन-तीन तासिका पुरतात. चालविण्यास मात्र सबंध वर्ष लागते, आणि त्या वर्षातील सर्वांत कठीण दिवस नेमके शाळा बंद असतानाचे असतात. या अडचणीचा विचार आधी करावा आणि मगच हे काम हाती घ्यावे, हे आरंभीच सांगणे इष्ट होय.

कपबशीत पक्ष्यांना खाऊ घालण्याची ही पद्धत इंग्लंडसारख्या थंड देशातील घरबागांत रूढ आहे. तेथे हिवाळ्यात जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात आणि दिवस लहान होतो. रात्रभर अंगातील ऊब टिकविण्याइतके अन्न त्या थोड्या तासांत मिळविणे लहान पक्ष्याला कठीण जाते. म्हणून तेथील लोक चरबीत कालवलेले दाणे कपात भरून तो झाडाला टांगतात. तेथे कपाला महत्त्व. बशी केवळ सांडलेला दाणा झेलण्यापुरती. महाराष्ट्रात हा क्रम उलटा लावावा लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात ज्वारी उभी असते, खळी-मळणीच्या दिवसांत दाणा सांडलेला असतो, आणि पाखरांची उपासमार सहसा होत नाही. उणीव असते ती पाण्याची, आणि तीही फाल्गुनापासून मृगापर्यंत. ओढे आटतात, विहिरींचे पाणी खोल जाते. पूर्वी मोटेच्या थारोळ्यात, गुरांच्या डोणीत आणि पाणवठ्यावर सांडलेल्या पाण्यात पाखरांची तहान सहज भागत असे. विजेचा पंप आणि नळ आल्यापासून माणसाचा त्रास वाचला, तसे हे सांडलेले पाणीही संपले. ते वाया जाणारे पाणी कोणाच्या तरी उपयोगी पडत होते, हे ते नाहीसे झाल्यावर ध्यानात येते.

पक्ष्यांना घाम येत नाही. ऊन वाढले की ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि अंगातील उष्णता वाफेच्या रूपाने बाहेर टाकतात. यात शरीरातील पाणी खर्च होते व ते त्याच दिवशी भरून निघावे लागते. चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा या गोष्टीचे महत्त्व किती, हे विद्यार्थ्यांना सहज समजावून देता येईल. सारांश, आपल्याकडे बशी मुख्य आणि कप दुय्यम.

बशी या कामास इतकी योग्य का, हेही पाहण्याजोगे आहे. तिचा उतार सौम्य असतो आणि मध्यभागीही पाणी जेमतेम दोन सेंटीमीटर राहते. चिमणी काठावर बसून पिऊ शकते, मनात आले तर आत उतरून आंघोळही करू शकते. बादली, हौद किंवा खोल भांडे यांत लहान पाखरू पडले तर त्याला बाहेर येता येत नाही. बशीत तो धोका नाही. चिनी मातीचा झिलईदार पृष्ठभाग पायांना निसरडा असतो, एवढाच दोष. मध्ये एक चपटा खडा ठेवला की तोही दूर होतो. मातीचे परळ अधिक चांगले नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. परळातील पाणी पाझरामुळे गार राहते, हे खरे. परंतु त्याच पाझरणाऱ्या अंगात शेवाळ धरते आणि ते कितीही घासले तरी पुरते निघत नाही. बशी एका हाताने विसळली की स्वच्छ होते. रोजचे काम लहान मुलांच्या हाती द्यावयाचे असल्याने हा गुण मोठा मानावा. तथापि ज्या गावी कुंभार परळ करून देतो आणि शाळेत घासणारे हात आहेत, तेथे परळ वापरण्यास काहीच हरकत नाही.

आता साहित्याविषयी. विद्यार्थ्यांना घरून जुनी कपबशी आणावयास सांगताना भाषा जपून वापरावी. “फुटकी बशी आणा” असे सांगितले तर दुसऱ्या दिवशी एखाद्या घरातील चांगला जोड फुटल्याचे कळण्याचा संभव असतो. “आईला विचारून, वापरात नसलेली एखादी बशी असल्यास आणावी, नसल्यास आणू नये” असे सांगावे. वर्गात पाच-सहा बश्या जमल्या तरी पुरे. जमलेल्या भांड्यांतून टवका उडालेली घ्यावीत, तडा गेलेली घेऊ नयेत. हा भेद डोळ्यांना नेहमी दिसत नाही. त्यासाठी बाजारात मडके घेताना जी रीत वापरतात तीच वापरावी. बशी बोटांच्या टोकांवर धरून दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर ती धड आहे. आवाज बद्द आला तर आत तडा आहे असे समजावे. तडा गेलेल्या बशीत घाण साचते व उन्हात एक दिवस तिचे दोन तुकडे होतात. आतील बाजूस रंगीत नक्षी असलेली किंवा सोनेरी कड झिजू लागलेली जुनी भांडीही बाजूला ठेवावीत, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. आतून पांढरी असलेली साधी बशी उत्तम.

टवका उडालेली कड धारदार असते. ती शिक्षकांनी स्वतः, भांडे पाण्याखाली धरून, काचपेपरने किंवा खरबरीत दगडाने बोथट होईपर्यंत घासावी. कोरडे घासू नये. ती बारीक पूड नाकातोंडात जाणे चांगले नव्हे.

बशी टांगण्यासाठी अनेक ठिकाणी तिला भोके पाडण्याचा किंवा साखळ्या चिकटविण्याचा खटाटोप केला जातो. त्याची काही आवश्यकता नाही. आपल्या घरांत दूध-दही मांजरापासून राखण्यासाठी शिंके टांगण्याची रीत होती, तेच शिंके येथे उपयोगी पडते. शिंक्याचा विशेष लाभ असा की बशी हवी तेव्हा उचलून घेता येते, धुता येते, उन्हात वाळविता येते आणि फुटलीच तर दुसरी ठेवता येते. जे भांडे काढता येत नाही ते रोज धुतले जात नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

शिंके विणण्यासाठी दोन-दोन मीटर लांबीचे सुतळीचे चार तुकडे घ्यावेत. काथ्याची बारीक दोरी मिळाल्यास ती पावसात अधिक टिकते. चारही तुकडे एकत्र धरून मधोमध दुमडावेत आणि दुमडीपाशी सर्वांची मिळून एक घट्ट गाठ मारावी. ही शिंक्याची तळगाठ होय. तिच्यापासून आता आठ पदर निघालेले दिसतील. दोन-दोन पदरांच्या चार जोड्या कराव्यात व तळगाठीपासून सहा सेंटीमीटर अंतरावर प्रत्येक जोडीला एक गाठ द्यावी. त्यानंतर प्रत्येक जोडीतील एक पदर शेजारच्या जोडीतील एका पदराशी जुळवून, आणखी सहा सेंटीमीटर अंतरावर पुन्हा चार गाठी माराव्यात. येथे जाळी तयार होते. पुढे आठही पदर सरळ वर नेऊन साठ-सत्तर सेंटीमीटरवर एकत्र बांधावेत. नेहमीच्या चहाच्या बशीला हे माप बरोबर बसते; बशी लहानमोठी असल्यास पहिल्या गाठी बशीच्या काठाच्या किंचित आत येतील असे पाहावे. चौथीच्या मुलामुलींना हे सहज जमते. अंतरे फूटपट्टीने मोजून घेण्यात गणिताचाही थोडा सराव होतो. गाठी असमान पडल्या की बशी कलते आणि पाणी सांडते. तेव्हा चूक कोठे झाली हे शिक्षकांनी सांगावयाची गरजच राहत नाही.

दाण्यासाठी कपाची योजना करावयाची असेल तर कप उभा ठेवू नये. उभ्या कपात दव आणि पाऊस साचतो, खालचे दाणे कुजतात आणि वरून मात्र सर्व ठीक दिसते. कप बशीवर आडवा ठेवून चिकटवावा. त्याचे तोंड किंचित खाली झुकलेले असावे, म्हणजे आत आलेले पाणी निघून जाते व दाणा थोडाथोडा बशीत उतरतो. कान तुटलेला कप यास विशेष सोयीचा, कारण तो कोणत्याही अंगावर नीट बसतो. चिकटविण्यास कागदकामाचा किंवा सुतारकामाचा पांढरा गोंद चालत नाही. झिलईवर तो धरत नाही आणि पाण्याने सुटतो. दोन नळ्यांतील द्रव्ये सम प्रमाणात मिसळून करावयाचा एपॉक्सी गोंद घ्यावा. जेथे कप बशीला टेकतो त्या जागा आधी काचपेपरने खरबरीत करून, पुसून, कोरड्या कराव्यात. गोंद मिसळणे व लावणे हे काम शिक्षकांनीच करावे. लावल्यानंतर कप हलू नये म्हणून दोन्ही बाजूंस खडे ठेवावेत आणि पूर्ण एक दिवस त्यास हात लावू नये. मुलांना हा एक दिवस फार मोठा वाटतो.

शाळेच्या आवारात झाड नसेल तर टांगण्याऐवजी बैठक करता येते. कप पालथा घालून त्याच्या बुडावर बशी चिकटवावी आणि हे सर्व एका पसरट ताटलीत ठेवावे. ताटलीत पाणी घातले की मुंग्या दाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. शिधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची घरोघरची युक्ती तीच ही. अशी बैठक कठड्यावर किंवा खांबाच्या माथ्यावर, वाऱ्याने ढकलली जाणार नाही अशी ठेवावी.

जागा निवडताना तीन-चार गोष्टी पाहाव्यात. दुपारी सावली असावी. पाखराला भय वाटताच आश्रयास जाता येईल असे झुडूप दोन-तीन मीटरवर असावे. अगदी लागून असेल तर त्याच झुडपात मांजर दबा धरून बसते. खिडकीच्या काचांसमोर पात्र टांगू नये, कारण काचेत उमटलेले आकाश खरे समजून पक्षी तीवर आदळतात. उंची अशी असावी की उंच विद्यार्थ्याचा हात पोहोचेल. बाकावर चढून पाणी घालण्याचा प्रसंग येऊ नये. नायलॉनचा दोरा मात्र कोणत्याही कारणाने वापरू नये. तो पाखरांच्या पायांत व पंखांत अडकून कापत जातो. पतंगाच्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली, ती पक्षी आणि माणसे यांना होणाऱ्या याच दुखापतींमुळे.

काय घालावे? बाजरी, राळा, ज्वारीची भरड आणि तांदळाची कणी हे चिमण्या, होले व मुनियांचे खाद्य. बुलबुल आणि तांबट फळावर येतात; त्यांच्यासाठी पपईची किंवा पिकल्या केळ्याची फोड ठेवावी. साळुंकीला बहुधा काहीही चालते. दयाळ आणि कोतवाल कीटकांवर जगतात, ते दाण्याला शिवणार नाहीत. पाण्यावर मात्र येतील. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर राहतो. त्याला कपबशीत काय ठेवावे असे मुलांनी विचारल्यास, आवारात उंबर लावावा असे उत्तर द्यावे. शेव, फरसाण, खारे दाणे, बुरशी आलेला पाव आणि सकाळचा आंबू लागलेला भात कधीही घालू नये. शालेय पोषण आहाराच्या साठ्यातील तांदूळ या कामी काढू नये. त्याचा हिशेब निराळा असतो. तांदूळ निवडताना निघालेली कणी मिळाली तर ती भरपूर होते. दाणे सकाळी मूठभरच घालावेत आणि ते संपले म्हणून पुन्हा भरू नयेत. जास्त दाणा पडला की पारव्यांचे थवे जमतात, लहान पाखरे मागे सरतात आणि विष्ठेचा उपद्रव सुरू होतो. मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यावरून २०२५ साली केवढा वाद झाला हे सर्वांना ठाऊक आहे; शाळेच्या अंगणात त्याची लहान आवृत्ती निर्माण करू नये. शिवाय दाणे खाणारे बहुतेक लहान पक्षीही आपल्या पिलांना किडे-अळ्याच भरवितात. म्हणून शाळेच्या परसबागेत विषारी फवारे टाळणे ही पक्ष्यांसाठी मूठभर बाजरीइतकीच, किंबहुना अधिक, उपयुक्त गोष्ट आहे.

सर्वांत अधिक लक्ष ज्याकडे द्यावयाचे ते म्हणजे स्वच्छता. अस्वच्छ पात्र हे पात्र नसण्यापेक्षा वाईट, कारण निरोगी व आजारी पाखरे एरवी जेथे एकत्र येत नाहीत तेथे ते त्यांना एकत्र आणते. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नावाचा घशाचा रोग तेथील रानपाखरांत पसरला. दूषित दाणा आणि पाणी हे त्याच्या प्रसाराचे मार्ग होते. त्यात ‘ग्रीनफिंच’ हा बागेतील अगदी सामान्य हिरवा पक्षी इतका कमी झाला की २०२१ साली त्याचे नाव धोक्यातील पक्ष्यांच्या तांबड्या यादीत गेले. ज्यांनी प्रेमाने दाणे घातले त्यांच्याच अंगणात हे घडले. म्हणून रोज सकाळी जुने पाणी झाडाच्या मुळाशी ओतून, नारळाच्या शेंडीने बशी घासून, नवे पाणी भरावे. उन्हाळ्यात दुपारी पुन्हा भरावे. पसरट भांड्यातले पाणी लवकर उडते. बशीत ओतलेला चहा लवकर निवतो तो याच कारणाने, हे मुलांस सांगावे. प्रत्येक शिंक्यासाठी दोन बश्या ठेवाव्यात: एक टांगलेली, दुसरी उन्हात वाळत. आठवड्यातून एकदा, आरोग्य खात्याच्या ‘कोरड्या दिवशी’, सर्व बश्या व ताटल्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, म्हणजे डासांच्या अळ्यांचा प्रश्न उरत नाही. हे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मेलेले पाखरू आढळल्यास विद्यार्थ्यांनी त्यास स्पर्श करू नये. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. देशात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूर येथे आली होती.

पात्र टांगल्यावर पक्षी लगेच येतीलच असे नाही. कधी आठवडा जातो, कधी महिना. या अवधीत मुले जागा बदलण्याचा आग्रह धरतात; तो मानू नये. पाखरे आली की नोंदवही सुरू करावी. तारीख, वेळ, पक्षी, संख्या आणि त्याने काय केले, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. चिमणी घोट घेते आणि मान वर करून तो गिळते. पारवा व होला चोच बुडवून सलग पाणी ओढतात. कावळा शिळ्या भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून मऊ करतो आणि पाणी खराब करून जातो. चिमणा कोणता व चिमणी कोणती, हे गळ्याखालच्या काळ्या डागावरून ओळखता येते. या गोष्टी पुस्तकातून सांगण्याऐवजी मुलांनी आधी पाहाव्यात आणि मग शिक्षकांना सांगाव्यात. चिमण्या साऱ्या देशातून नाहीशा होत आहेत, असे सरसकट सांगण्याचा मोहही आवरावा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात देशभरातील चिमण्यांची संख्या एकंदरीत स्थिर, परंतु मुंबईसह मोठ्या महानगरांत घटलेली आढळली. मग आपल्या गावात काय स्थिती आहे? दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती असलेल्या शाळेलाच याचे उत्तर देता येईल.

काम केव्हा सुरू करावे याविषयी एक सूचना. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. त्या दिवशी पुष्कळ शाळांत पात्रे टांगली जातात, छायाचित्रे घेतली जातात, आणि २० एप्रिलला त्यांत वाळलेला पाला पडलेला असतो. त्यापेक्षा नोव्हेंबरमध्ये आरंभ करावा. श्री. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील सप्ताह राज्यात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. तेव्हा पात्रे तयार झाली तर उन्हाळ्यापर्यंत पाखरांना जागेची आणि मुलांना कामाची सवय होते.

राहता राहिली सुट्टी. मार्च-एप्रिलमध्ये रोज भरलेल्या बशीवर येण्याची सवय पाखरांना लागते, आणि मे महिन्याच्या आरंभी, ऊन सर्वांत कडक असताना, शाळेला कुलूप लागते. विदर्भात तर ते जून संपेपर्यंत निघत नाही. यास्तव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुट्टीचा पाळीपट करावा. शाळेच्या जवळ राहणाऱ्या व सुट्टीत परगावी न जाणाऱ्या चार-पाच विद्यार्थ्यांची नावे, प्रत्येकाचे वार, आणि एखादा आजारी पडल्यास त्याच्याऐवजी कोण, हे त्यात लिहावे. पालकांना विचारल्याखेरीज कोणाचेही नाव घालू नये. फाटकाला कुलूप असल्यास पात्र कुंपणालगतच्या झाडावर, बाहेरून हात पोहोचेल असे हलवावे. मात्र हे स्थलांतर सुट्टीच्या किमान पंधरा दिवस आधी करावे. एवढेही शक्य नसेल तर शिंकी शाळेत लटकत ठेवू नयेत. सुट्टीच्या आधीच्या शनिवारी ज्यांच्या दारी झाड आहे अशा मुलांना एकेक शिंके व दोन-दोन बश्या घरी द्याव्यात, आणि कोणाकडे काय दिले ते नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. शाळा उघडल्यावर त्या परत घेताना सुतळी कोठे कुजली आहे ते पाहावे. एका पावसाळ्यानंतर ती बहुधा बदलावीच लागते. बश्या मात्र पुढील वर्गाला तशाच देता येतात.